जमीन विकत न मिळणारे बेट

डिसेंबर १९६२मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर कॅलशॉट या ठिकाणी एक मतदान झाले. मतदार होते दक्षिण अटलांटिक महासागरातल्या ट्रिस्टन दा कुन्हा बेटाचे रहिवासी. चौदा महिन्यांपूर्वी, ऑक्टोबर १९६१मध्ये, त्यांच्या गावाला लागूनच जमीन फुटून लाव्हा वर आला आणि २६४ माणसांना हाताला लागेल ते घेऊन होड्या गाठाव्या लागल्या. शेजारच्या नाइटिंगेल बेटावर एक रात्र, तिथून डच जहाजाने केप टाउन आणि पुढे साउदॅम्प्टन असा त्यांचा प्रवास झाला. ब्रिटिश सरकारने त्यांना आधी सरे परगण्यातल्या एका छावणीत आणि मग कॅलशॉटच्या हवाई दलाच्या रिकाम्या वसाहतीत ठेवले, पुरुषांना कामे मिळवून दिली, मुलांना शाळेत घातले. वीज, नळाचे पाणी, दवाखाना, दुकाने, दर आठवड्याला हातात पडणारा पगार, सगळे दाराशी होते. ही मंडळी आता इथेच रुळतील असा सरकारी खात्याचा अंदाज होता. मतमोजणी झाली तेव्हा परत जाण्याच्या बाजूने १४८ मते पडली आणि विरोधात ५.

या निकालाचा अर्थ त्या वेळी बहुतेकांनी असा लावला की साध्याभोळ्या माणसांना आधुनिक जगाचा गजबजाट सोसला नाही. त्यात थोडे तथ्य आहे. पहिल्याच हिवाळ्यात बेटकऱ्यांपैकी काही वृद्ध दगावले, सर्दी-तापाने घरेच्या घरे आडवी झाली. पण एवढे एकमत नुसत्या हळवेपणातून होत नाही. भूकंपाने, धरणाने, दुष्काळाने उठलेली गावे आपल्याही परिचयाची आहेत. मन मागे ओढत असले तरी परत जाता येत नाही, कारण मागे स्वतःच्या हक्काचे काही उरलेले नसते. ट्रिस्टनच्या लोकांचे उरले होते. म्हणून हे बेट मला एका मोठ्या प्रश्नासाठी महत्त्वाचे वाटते. दुर्गम बेटावरचे गाव कशाने जगते असे विचारले की उत्तर ठरलेले येते: धक्का बांधा, बोट वाढवा, विमानतळ करा. दळणवळण लागते, याबद्दल वाद नाही. पण गाव राहणार की ओस पडणार हे त्याच्या आधी दोन गोष्टींनी ठरते असे माझे म्हणणे आहे. जमीन राहणाऱ्यांच्या हातात आहे की नाही, ही पहिली. आणि एका घराने त्यातून किती घ्यावे यावर गावाने घातलेली मर्यादा आहे की नाही, ही दुसरी.

ट्रिस्टनचा दाखला घ्यायचा तो अशासाठी की तिथे दळणवळणाची अडचण टोकाला गेलेली आहे. माणसांची कायम वस्ती असलेले याहून एकाकी बेट जगात नाही. पूर्वेला केप टाउन सुमारे २,८०० किलोमीटरवर, उत्तरेला सेंट हेलेना सुमारे २,४०० किलोमीटरवर. बेट म्हणजे समुद्रातून थेट वर चढलेला ज्वालामुखी. माथा २,०६२ मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा चारशे मीटर उंच. वायव्येला पायथ्याशी जी चिंचोळी सपाट पट्टी आहे तिच्यावर ‘एडिंबरा ऑफ द सेव्हन सीज’ हे एकुलते एक गाव आहे. तिथले लोक त्याला नुसते ‘सेटलमेंट’ म्हणतात. विमानतळ नाही आणि बांधायचा म्हटला तरी जागा नाही. केप टाउनहून मासेमारीचे किंवा माल नेणारे जहाज वर्षातून मोजक्या वेळा सुटते आणि समुद्र शांत असला तर आठवडाभरात पोचते. पोचल्यावरही जहाज किनाऱ्याला लागत नाही. १९६०च्या दशकात बांधलेले, आणि विस्थापनातल्या मुक्कामाची आठवण म्हणून कॅलशॉट नाव दिलेले बंदर इतके लहान आहे की आत होड्या आणि तराफेच शिरतात. जहाज बाहेर नांगर टाकते. माणसे आणि माल होडीतून उतरवावा लागतो. लाट उसळली की बंदर बंद. मग गावातली घरे, चुलीचा धूर, रस्त्यावरची माणसे दिसत असतानाही उतारूंनी जहाजावरच दिवस काढायचे. बाहेरच्या माणसाला जायचे असेल तर आधी अर्ज करावा लागतो, पोलिसांचा दाखला द्यावा लागतो, परतीच्या प्रवासाची आणि आजारपणाच्या खर्चाची तरतूद दाखवावी लागते. बेटाच्या कौन्सिलने होकार दिला तर जागा मिळते, आणि जहाजावरच्या मोजक्या खाटांवर आजारी माणसांचा आणि बेटकऱ्यांचा हक्क पर्यटकाच्या आधीचा असतो.

हे बेट सदासर्वकाळ इतके दूर नव्हते. १५०६मध्ये हिंदुस्थानकडे निघालेल्या पोर्तुगीज ताफ्याचा प्रमुख त्रिस्ताव द कुन्हा याला ते दिसले आणि त्याचेच नाव पडले. (याच त्रिस्तावचा मुलगा नुनो द कुन्हा पुढे गोव्याचा गव्हर्नर झाला आणि १५३४च्या तहाने गुजरातच्या बहादुरशाहकडून त्याने वसई आणि मुंबईची बेटे मिळवली. एका घराण्याने एक बेट नावापुरते मिळवले आणि दुसरी बेटे कायमची बदलून टाकली.) शिडांच्या जहाजांना आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालताना पश्चिमेचे वारे पकडण्यासाठी दक्षिण अटलांटिकमध्ये बरेच खाली उतरावे लागे. मुंबई-कलकत्त्याकडे जाणारी, देवमाशांच्या शिकारीवर निघालेली जहाजे ट्रिस्टनजवळून जात. ताजे पाणी, बटाटे, मांस घेत आणि मोबदल्यात पीठ, कापड, लाकूड देत. १८६९मध्ये सुएझ कालवा उघडला, वाफेची जहाजे आली, देवमाशांची शिकार ओसरली आणि वाटच बदलली. बेट होते तिथेच राहिले, जग त्याच्यापासून सरकले. जहाज दिसले की व्यापारासाठी होडी घालायची ही सवय मात्र सुटली नव्हती. नोव्हेंबर १८८५मध्ये ‘वेस्ट रायडिंग’ नावाच्या जहाजाकडे निघालेल्या होडीतले पंधराच्या पंधरा पुरुष परतले नाहीत. गाव विधवांचे झाले. पहिल्या महायुद्धात तर पत्रव्यवहार असा तुटला की युद्ध संपल्याची बातमी १९१९मध्ये ब्रिटिश युद्धनौका आली तेव्हा कळली. दळणवळणावरच गावाचे आयुष्य अवलंबून असते, तर ट्रिस्टन या काळात दोन-तीनदा तरी ओस पडायला हवे होते. माणसे गेलीही, १८५७मध्ये एका खेपेत पंचेचाळीस जण केपला गेले आणि तीसहून कमी मागे राहिले. तरी गाव मोडले नाही.

का मोडले नाही याचे उत्तर मला १८१७च्या एका कागदात दिसते. नेपोलियन सेंट हेलेनावर कैदेत असताना त्याच्या सुटकेसाठी कोणी ट्रिस्टनचा उपयोग करू नये म्हणून १८१६मध्ये ब्रिटिशांनी तिथे सैन्याची तुकडी ठेवली. वर्षभरात ती काढून घेतली. तोफखान्यातला कॉर्पोरल विल्यम ग्लास, मूळचा स्कॉटलंडमधल्या केल्सोचा, बायको मारिया आणि मुलांसह मागे राहिला. त्याच्याबरोबर बर्नेल आणि नॅनकिव्हेल हे दोघे. नोव्हेंबर १८१७मध्ये त्यांनी आपसात करार लिहिला. साठा आणि गुरेढोरे सर्वांच्या समान मालकीची, नफा सारखा वाटून घ्यायचा, खर्च सारखा सोसायचा, आणि सलोखा राहावा म्हणून कोणी कोणापेक्षा वरचढ मानायचा नाही. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत हा कागद आजही आहे. तो जसाच्या तसा पाळला गेला असे मात्र कोणी समजू नये. सोबतचे दोघे निघून गेले, नवे लोक आले, सामाईक कारभार काही वर्षांतच सैल झाला. बटाट्याची शेते आणि गुरे घराघरांची झाली. १९३७-३८च्या नॉर्वेजियन संशोधन मोहिमेबरोबर गेलेले आणि पुढे बेटाचा आयुष्यभर अभ्यास केलेले समाजशास्त्रज्ञ पीटर मुंक यांना तिथे साम्यवादी कम्यून दिसले नाही. त्यांना दिसले ते आपापल्या घरापुरते स्वतंत्र असलेले, एकमेकांवर हुकूम न चालवणारे, आणि होडी ओढायला, घर शाकारायला मात्र एकमेकांकडे हक्काने जाणारे लोक. करारातली सामाईक तिजोरी गेली, वरचढपणाला असलेली बंदी टिकली. मला ही दुसरी गोष्टच अधिक मोलाची वाटते.

तिचे मोल पिटकेर्नशी तुलना केली की कळते. प्रशांत महासागरातल्या त्या बेटावर १७९०मध्ये ‘बाउंटी’ जहाजावरचे नऊ बंडखोर आणि त्यांच्याबरोबर आणलेले पॉलिनेशियन स्त्री-पुरुष उतरले. बेटही तसेच दूरचे, संख्याही तशीच लहान. पण नऊ बंडखोरांनी जमीन नऊ हिश्शांत वाटून घेतली. सहा पॉलिनेशियन पुरुषांना एक तुकडाही दिला नाही, उलट त्यांना गुलामासारखे राबवले. तीनच वर्षांत, १७९३मध्ये, उठाव झाला, पाच बंडखोर मारले गेले आणि पाठोपाठ ते सहाही जण. पुढे बहुतेक कुटुंबे नॉरफोक बेटावर आणि न्यूझीलंडमध्ये गेली, पण जमिनीवरची नावे राहिली. मालक हजारो मैलांवर, राहणाऱ्याला मात्र जागेची अडचण, असा गुंता विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत चालला. कोकणातल्या ज्या वाचकाच्या सातबारावर तीस-चाळीस नावे असतात आणि गावात राहणारे एकच घर असते, त्याला हे वेगळे समजवायला नको. पिटकेर्नने २००६मध्ये जमिनीचा कायदा बदलून राहणाऱ्यांना वाटप करण्याची व्यवस्था आणली. तोवर गाव पन्नासेक माणसांवर येऊन ठेपले होते.

ट्रिस्टनवर आजचा नियम साधा आहे. जमीन समाजाच्या मालकीची, बाहेरच्याला ती विकत घेता येत नाही आणि पैशाच्या जोरावर येऊन स्थायिकही होता येत नाही. गावापासून पश्चिमेला तीनएक किलोमीटरवर ‘पॅचेस’ म्हणजे बटाट्याची वावरे आहेत. बेटावरचा म्हणण्याजोगा एकच रस्ता तिथवर जातो. वावर कसले, काळ्या लाव्हाच्या दगडांच्या गडग्यांनी घेतलेले छोटे छोटे चौकोन. गडगा वाऱ्यासाठी आणि गुरे आत शिरू नयेत म्हणूनही. प्रत्येक घराचे वावर ठरलेले. दक्षिण गोलार्धातला वसंत सुरू झाला की कुदळ-फावड्याने लागवड होते आणि भर उन्हाळ्यात, म्हणजे आपल्याकडे थंडी असते तेव्हा, काढणी. पूर्वी खत म्हणून नाइटिंगेलवरून पक्ष्यांची विष्ठा आणत. मेंढ्यांचे लेंडीखत आणि समुद्रशेवाळ हेही चालते. १८८२मध्ये एक अमेरिकन जहाज फुटून त्यातले उंदीर किनाऱ्याला लागले तेव्हापासून धान्य टिकणे कठीण झाले आणि बटाट्यावरचा भार आणखी वाढला; अजूनही वर्षातला एक दिवस उंदीर मारण्यासाठी राखलेला असतो आणि गट पाडून, शेपट्या मोजून स्पर्धा होते. १९४०च्या दशकापर्यंत चलन जवळजवळ नव्हतेच. १९४६मध्ये ॲलन क्रॉफर्ड यांनी बेटासाठी तिकिटाचा नमुना रेखाटला त्यावर एक पेनीच्या जोडीला चार बटाटे अशी किंमत छापली होती, आणि ती हौस म्हणून नव्हती.

पण वावरापेक्षाही मला तिथल्या गुरांवरची मर्यादा बोलकी वाटते. प्रत्येक कुटुंबाने किती गाई, किती मेंढ्या पाळायच्या हे ठरवून दिलेले आहे. बेटाचे प्रशासन त्याची दोन कारणे उघडपणे सांगते. कुरण वाचावे हे एक, आणि सुस्थितीतल्या घरांकडे संपत्ती साचू नये हे दुसरे. पहिले कारण कुठल्याही शहाण्या गावाला सुचते. दुसरे लिहून ठेवणारी गावे विरळ. कुरण सामाईक आणि गुरे खाजगी, या व्यवस्थेला जगभर एकच आक्षेप घेतला जातो, की ज्याच्याकडे जास्त गुरे तो सामाईक गवत फुकट खातो आणि शेवटी कुरण उजाड होते. आक्षेप खरा आहे, पण तो मर्यादा नसलेल्या कुरणाला लागू पडतो. ट्रिस्टनने मालकी सामाईक ठेवली आणि उपभोगाला कुंपण घातले. जिथे सगळेच जमिनीचे धनी आहेत तिथे एकाच्या दावणीला पन्नास गाई बांधल्या गेल्या असत्या, तर दहा वर्षांत बाकीचे त्याचे गडी झाले असते आणि पुढच्या जहाजाने निघून गेले असते. ही मर्यादा कुरणाइतकीच माणसे टिकवण्याचेही साधन आहे.

याच्या उलट बाजू सेंट किल्डाची. स्कॉटलंडच्या पश्चिमेला, आउटर हेब्रिडीज बेटांपासून जेमतेम ६५ किलोमीटरवर हे बेट आहे. तिथल्या लोकांमध्ये समता होती. पुरुष रोज सकाळी जमून दिवसाचे काम ठरवत, पक्षी पकडायचे कडे आणि होडी वाटून घेत. पण बेट मॅक्लाउड घराण्याचे होते. दरवर्षी मालकाचा कारभारी बोटीने येई, भाड्यापोटी पिसे, पक्ष्यांचे तेल, हातमागाचे कापड घेऊन जाई आणि बी-बियाणे, मीठही त्याच्यामार्फतच मिळे. १८७७पासून उन्हाळ्यात वाफेच्या बोटी नेमाने येऊ लागल्या, पर्यटक कापड आणि अंडी विकत घेऊ लागले, टपाल सुरू झाले, पहिल्या महायुद्धात बिनतारी संदेशयंत्रही आले. म्हणजे दळणवळण ज्या अर्धशतकात सुधारले त्याच अर्धशतकात गाव रिते होत गेले. २९ ऑगस्ट १९३० रोजी उरलेले ३६ जण आपल्याच विनंतीवरून बेट सोडून गेले. नवजात बाळांचा धनुर्वात, युद्ध, तरुणांचे स्थलांतर अशी इतरही कारणे होती, आणि मॅक्लाउड हे जुलमी जमीनदार म्हणून ओळखले जात नव्हते, हे मान्य केले पाहिजे. पण पुढचे पाहा. दुसऱ्याच वर्षी मालकाने बेट विकून टाकले आणि नव्या मालकाने ते पक्ष्यांसाठी राखले. कोणाला परत जायचे असते तरी मतदान कशावर घेणार? बेट त्यांचे कधी नव्हतेच. ट्रिस्टनच्या लोकांनी १९६३मध्ये दोन तुकड्यांत परत जाऊन पाहिले तेव्हा मासे डबाबंद करण्याचा कारखाना आणि होड्या लावायचे किनारे लाव्हाखाली गेले होते, मागे राहिलेल्या कुत्र्यांनी मेंढ्यांचा फडशा पाडला होता. पण घरे उभी होती, वावरे होती, आणि त्यांवर कोणाचे भाडे थकलेले नव्हते.

इथे एक भक्कम आक्षेप येतो. ट्रिस्टन टिकले ते शेवंडीमुळे, जमिनीमुळे नाही, असे कोणी म्हणेल. सेंट किल्डाकडे पिसे होती आणि पिसांचा भाव पडला. ट्रिस्टनकडे अमेरिका-जपानात खपणारी शेवंड आहे. १९४९च्या सुमारास कंपनी आली, कारखाना निघाला, हातात पगार आला, आणि तिथपासूनच बेटाचा आधुनिक संसार चालतो. यातले प्रत्येक वाक्य खरे आहे. पण शेवंड कोणाची, हा प्रश्न त्या आक्षेपात सुटून जातो. मासेमारीचा परवाना बेटाचे सरकार देते. केप टाउनची कंपनी परवाना घेते, त्याचे पैसे भरते, कारखाना चालवते. ट्रिस्टन आणि शेजारच्या प्रत्येक बेटाभोवती किती पकडायचे याचा कोटा ठरलेला असतो, आणि गावाभोवतीच्या पाण्यात बेटकरी स्वतः छोट्या होड्यांतून जातात. हवा चांगली असली की पहाटे गावात टांगलेल्या रिकाम्या गॅस सिलिंडरवर घण पडतो. त्या आवाजाने गावाला कळते की आज मासेमारीचा दिवस. पुरुष होड्यांवर जातात आणि दिवस मावळल्यावर माल आला की कारखान्यात रात्रपाळीला बायका-पुरुष उभे राहतात. २००८च्या फेब्रुवारीत कारखाना जळाला तेव्हा पुढच्याच वर्षी, २००९मध्ये, नवा उभा राहिला. २०११मध्ये या मासेमारीला शाश्वत म्हणून आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. कुरणावर घातलेले कुंपण समुद्रावरही घालायला या लोकांना कोणी शिकवावे लागले नाही. मालकी राहणाऱ्यांची आणि उपभोगाला मर्यादा, हे तत्त्व जमिनीवर दीडशे वर्षे अंगवळणी पडले होते. ते पाण्याला लागू करणे त्यांना जड गेले नाही. मालकी बाहेर असती तर तीच शेवंड पकडायला केप टाउनची जहाजे आली असती, पण गाव राहण्याचे कारण उरले नसते.

त्या पाण्याची किंमत मार्च २०११मध्ये कळली. ब्राझीलहून सोयाबीन घेऊन सिंगापूरकडे निघालेले ‘ऑलिव्हा’ हे जहाज नाइटिंगेलच्या खडकावर चढले आणि फुटले. खलाशी वाचले, सुमारे पंधराशे टन इंधन तेल समुद्रात पसरले. बेटकऱ्यांनी तेलाने माखलेले जवळपास ३,७०० पेंग्विन होड्यांतून गावात आणले, गावचा पोहण्याचा तलाव त्यांच्यासाठी रिकामा केला, घराघरातली माणसे त्यांना धुवायला आणि मासे भरवायला लागली. चारशेहून कमी जगले. नाइटिंगेलसह दोन बेटांभोवतीची शेवंडीची मासेमारी बंद ठेवावी लागली, म्हणजे गावाच्या उत्पन्नालाच हात लागला. नोव्हेंबर २०२०मध्ये बेटाने सुमारे ६,८७,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा, समुद्र संरक्षित म्हणून जाहीर केला. नव्वद टक्के भागात मासेमारी आणि खाणकाम दोन्ही बंद. अडीचशेहून कमी माणसांच्या गावाने एवढा निर्णय घ्यावा हे कौतुकाचे आहे, पण त्याच्या मुळाशी कौतुकापेक्षा हिशेब अधिक आहे. त्यांना दुसरा समुद्र नाही.

आणखी एक शंका रास्त आहे. इतक्या दूर जमीन घ्यायला कोण जाणार? मागणीच नाही तर विक्रीबंदीच्या नियमाची परीक्षा झालीच कुठे? म्हणून जवळचे उदाहरण घ्यावे लागते. स्कॉटलंडचे एग बेट मुख्य भूमीपासून तासा-दीड तासाच्या फेरीवर आहे. मालक बदलत गेले. घरभाड्याचे करार पक्के नसल्याने लोक दुरुस्तीवर पैसा घालेनात, कर्ज मिळेना, आणि वस्ती साठ-पासष्टवर आली. जून १९९७मध्ये रहिवाशांनी ट्रस्टमार्फत पंधरा लाख पौंडांना बेटच विकत घेतले. आता तिथे शंभराहून अधिक लोक राहतात. २००८मध्ये त्यांनी पाणी, वारा आणि सूर्य यांच्यावर चालणारी स्वतःची वीज उभी केली, आणि प्रत्येक घराला पाच किलोवॉटची मर्यादा घातली; व्यवसायाला दहा. ट्रिस्टनच्या मेंढ्या आणि एगचे किलोवॉट एकाच विचाराचे आहेत, जरी या दोन गावांनी एकमेकांकडून काही घेतल्याचे दिसत नाही.

आता दळणवळणाच्या बाजूने. ट्रिस्टनचे प्रशासकीय नाते ज्या सेंट हेलेनाशी आहे तिथे २८ कोटी ५० लाख पौंड खर्चून विमानतळ झाला. धावपट्टीवरच्या उलटसुलट वाऱ्याने तो रखडला आणि ऑक्टोबर २०१७मध्ये नियमित विमान सुरू झाले. आजाऱ्याला केप टाउन-जोहान्सबर्गला वेळेत नेता येते, हा त्याचा लाभ कोणीही हलका मानू नये. पण पर्यटनाच्या बळावर बेट स्वावलंबी होईल आणि गेलेली माणसे परततील, असे जे चित्र रंगवले गेले तसे झाले नाही; लोकसंख्या चार-साडेचार हजारांच्या आसपासच राहिली. विमान माणसे आणते तसे नेतेही.

ट्रिस्टनच्या व्यवस्थेवरचा सगळ्यात बोचरा आक्षेप मात्र न्यायाचा आहे. बाहेरच्याला जमीन नाही म्हणजे गाव कोंडून घेणे आले. आजची बहुतेक सारी माणसे मोजक्या मूळ कुटुंबांतून आलेली. ग्लास, स्वेन, ग्रीन, रॉजर्स, हेगन, लाव्हारेलो, रेपेटो ही आडनावे आलटून पालटून येतात, आणि दम्याचे प्रमाण इतके की कॅनडाच्या शास्त्रज्ञांनी त्याची आनुवंशिकता तिथे शोधली. किंमत आहे, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या मोजली जाते. पण दार कोणाला बंद आहे ते नीट पाहावे. १८२७मध्ये सेंट हेलेनाहून पाच स्त्रिया आल्या आणि पाच ब्रह्मचाऱ्यांचे संसार झाले. १८३६मध्ये बोट फुटून आलेला डच खलाशी पीटर ग्रून पुढे पीटर ग्रीन म्हणून गावाचा म्होरक्या झाला. १८९२मध्ये ‘इटालिया’ जहाज फुटले, त्यातले कामोलीचे आंद्रेआ रेपेटो आणि गाएतानो लाव्हारेलो तिथेच राहिले. आजचे आरोग्य केंद्र कामोलीचेच नाव मिरवते. लग्नाने, सोबतीने, समुद्राने आणून टाकल्याने आत येता येते. पैसे मोजून येता येत नाही. मालमत्तेचा खुला बाजार हाच न्याय, असे मानणाऱ्याला हे पटणार नाही. पण ज्या गावात शंभरेक घरे आहेत तिथे वीस घरे कोणी सुट्टीपुरती विकत घेतली तर मागे राहिलेल्यांना शाळा चालवता येणार नाही आणि होडी ओढायला माणसे पुरणार नाहीत. अन्याय त्यातही आहे, आणि तो परत फिरवता येत नाही.

सामाईक मालकी म्हणजे आपोआप गाव तारणारी गोष्ट, असेही मी म्हणत नाही. गोव्याच्या गावकरी, म्हणजेच कोमुनिदाद, या संस्थांची उदाहरणे समोर आहेत. तिथली सामाईक भातशेते, बांध, मानशी म्हणजे बांधातली पाण्याची दारे, सगळे गावाच्या मालकीचे. १५२६च्या ‘फोराल’ या सनदेत पोर्तुगीजांनी त्यांचे रिवाज नोंदवून घेतले. पण कोमुनिदादीतला हक्क वंशाला चिकटलेला आहे. मूळ गावकारांच्या पुरुष वारसाला झोण, म्हणजे उत्पन्नातला वाटा, मिळते, मग तो मुंबईत असो की आफ्रिकेत. जो बांध राखतो त्याला तो हक्क असेलच असे नाही आणि ज्याला हक्क आहे तो बांधावर दिसेलच असे नाही. म्हणून जमिनी सामाईक असूनही अतिक्रमणे झाली, बांध खचले. ट्रिस्टनची ताकद सामाईकपणात जेवढी आहे तेवढीच ती नांदत्या घरात आहे. ठरवणारे कौन्सिल तिथल्याच लोकांचे: आठ निवडून दिलेले, तीन नेमलेले, आणि त्यांत किमान एक स्त्री असलीच पाहिजे.

एवढे असूनही संख्या घटते आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस तीनशेच्या जवळ असलेले गाव आता अडीचशेच्या आत आले. शाळा एक, वर्ग लहान. सोळा वर्षांनंतर शिकायचे तर बेट सोडावे लागते आणि सगळी मुले परत येत नाहीत. डॉक्टर, शिक्षक, बंदराची मोठी कामे ब्रिटनच्या पैशावर होतात. मर्यादा घातलेल्या गावात खूप कमावण्याची इच्छा असलेल्या तरुणाला वाव कमी, हेही खरेच. जमिनीचा हक्क माणसाला परत यायला जागा ठेवतो. परत येण्याची इच्छा तो निर्माण करू शकत नाही. म्हणून बंदराची लांबी वाढवणे, दवाखान्यात परिचारिकेचे आणि वीजकेंद्रात तंत्रज्ञाचे काम बेटाच्याच मुलामुलींना शिकवून देणे, ज्यांनी बाहेर लग्न केले त्यांच्या जोडीदारांना सोपेपणाने सामावून घेणे, ही कामे आता तातडीची आहेत. त्यासाठी कुरणावरची मर्यादा उठवा किंवा घरे बाजारात आणा असा सल्ला बाहेरून येईल तेव्हा तो नाकारण्याचा अधिकार गावाकडे आहे, आणि १९६२प्रमाणेच मत देणाऱ्यांमध्ये त्या वावरांत बटाटे लावणाऱ्यांखेरीज दुसरे कोणी नसेल.